पाटीवरचा आकडा आणि आपली खारी हवा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका गॅरेजात स्कूटरच्या चाकात हवा भरायला थांबलो होतो. कॉम्प्रेसर धडधडत होता. सवयीने वाकलो आणि टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक बघितला. पस्तीस वर्षं मुंबईत बॉयलर-हाउस आणि कॉम्प्रेसर-रूममध्ये काढली, गावी आलो तरी खोड जात नाही. लग्नाच्या जेवणाला गेलो तरी आधी आचाऱ्याच्या सिलिंडरची नळी बघतो, असं घरची माणसं म्हणतात.

कॉकवर गंजाची ढेप चढली होती. मालकाला विचारलं, हा शेवटचा कधी उघडला होता? तो म्हणाला, "तो उघडूचो असता?"

कॉम्प्रेसर बंद केला, टाकीतली हवा पूर्ण सोडली, काटा शून्यावर आल्याची खात्री केली आणि मग कॉक उघडला. काहीच आलं नाही. तार घालून टोचलं तेव्हा आधी लाल गाळ आणि मागून कोऱ्या चहासारखं पाणी यायला लागलं. पाऊण बादली भरली. पोरं बघायला जमली. मालक म्हणाला, "काका, गेली बारा वर्षां चलता हा. काय एक झालेला नाय. तुमी उगाच कित्याक भियवतास?"

टाकीवर एक छोटी धातूची पाटी होती, तीन वेळा रंगवलेली. थिनरचा बोळा फिरवल्यावर तिच्यावरचा आकडा दिसला: ०.९८ एमपीए. मालकाने तो वाचला आणि हसला. "एक सुद्धा नाय! मगे भीती कसली?"

हे लिहायला बसलो ते त्या हसण्यामुळे. मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ या पट्ट्यात आता घराघरांत, वाडीवाडीत कोंडलेला दाब आहे. गॅरेजची हवेची टाकी, काजूवाल्याचा बॉयलर, बंदरावरचा बर्फ कारखाना, खानावळीतले गॅस सिलिंडर, स्कूबावाल्यांची नळकांडी. हे चालवणारी माणसं हुशार आहेत, मेहनती आहेत. पण पाटी वाचायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

तर आधी तो आकडा. एक एमपीए म्हणजे साधारण १० किलो. आपण बोलताना नुसतं 'किलो' म्हणतो, पण त्याचा पूर्ण अर्थ आहे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. म्हणजे ०.९८ एमपीए हे १० किलो झाले. जुन्या काट्यांवर पीएसआय असतं. त्याचे १०० म्हणजे ७ किलो. बार आणि किलो जवळजवळ सारखेच. चार भाषांतला एकच दाब आहे, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त टाक्यांवर हल्ली एमपीए छापलेला असतो. ०.८ वाचून 'पाऊण किलो' समजणारा माणूस मी या एका वर्षात दुसऱ्यांदा पाहिला.

आता १० किलो म्हणजे किती, ते हिशेबाने बघू, कारण 'दर चौरस सेंटिमीटर' म्हटलं की ते फार लहान वाटतं. त्या गॅरेजची टाकी साधारण ४५ सेंटिमीटर व्यासाची. तिचं गोल झाकण, म्हणजे टोकाचा डोम, सोळाशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. त्याच्यावर १० किलोने ढकललं तर १६ टन. चिरे भरलेला ट्रक त्या झाकणाला आतून रेटून उभा आहे असं समजा. आणि टाकी उभी चिरायला बघणारा जोर तर आणखी मोठा: टाकीच्या दर मीटर लांबीला ४५ टन. हा जोर कोण पेलतो? दोन बाजूंचा पत्रा. दुसरं कोणी नाही.

डिझाइन करणारा मग हिशेब करतो की पत्रा किती जाड हवा. तो पोलादाला त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत ताणू देत नाही. साडेतीन-चार पट राखीव ठेवतो. वेल्डिंगचा जोड एक्स-रे काढून तपासलेला नसेल तर त्या जोडाला शंभरातले सत्तरच गुण देतो. असं सगळं धरलं की ४५ सेंटिमीटरच्या टाकीला १० किलोसाठी साध्या पोलादाचा पावणेतीन मिलिमीटर पत्रा लागतो. त्यात तो गंजासाठी म्हणून दीड मिलिमीटर वेगळा घालतो. बेरीज सव्वाचार. बाजारात मिळतो पाच, म्हणून पाच मिलिमीटर वापरला. आता ही टाकी १० किलोची झाली, पाटी ठोकली.

म्हणजे पाटीवरचा १० हा आकडा त्या पाच मिलिमीटरच्या भरवशावर आहे. पत्रा पाच होता तेव्हा तो खरा होता. पाटी गंजत नाही, ती बहुतेक पितळेची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची असते. पत्रा गंजतो.

ओळखीच्या एका माणसाकडून जाडी मोजायचं यंत्र आणलं. मोबाइलएवढं असतं, पत्र्यावर थोडी जेली लावून टोक टेकवायचं, आवाजाची लहर पलीकडच्या पृष्ठावरून परत येते आणि जाडी दाखवते. वरच्या बाजूला ४.९ आला. पोटाखाली, जिथे पाणी साचून राहायचं तिथे, २.६. बारा वर्षांत दोन मिलिमीटरहून जास्त पत्रा आतून गेला होता, बाहेरून रंग तुकतुकीत. पावणेतीनच्या खाली गेलेली टाकी १० किलोची राहिलेली नाही. पाटी अजूनही १०च म्हणते.

हे पाणी येतं कुठून, तर आपल्याच हवेतून. कोकणातल्या दमट दिवसात एका घनमीटर हवेत वीस-पंचवीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून आठ-नऊ पट बारीक करतो. वाफेला राहायला जागा उरत नाही, तिचं पाणी होतं. दिवसभरात ६० घनमीटर हवा दाबली तर लिटरभर पाणी निघतं, आणि त्यातलं बरंच टाकीच्या तळाशी जातं. सातारा-सोलापूरच्या गॅरेजवाल्याला हे पाणी कमी मिळतं. आपल्याकडे ते भरपूर, आणि वर समुद्रावरून येणारं मीठ. म्हणून माझी पहिली विनंती हीच: रोज संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद केल्यावर ड्रेन कॉक उघडा. एवढ्यानेच टाकीचं आयुष्य बरंच वाढेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

बाहेरचा गंज दिसतो तरी. जो दिसत नाही तो जास्त वाईट. बर्फ कारखान्यात अमोनियाच्या थंड नळ्यांवर थर्मोकोल किंवा तसलं आवरण असतं, वरून डांबराचा लेप. तो लेप कुठेतरी फाटतो, दमट हवा आत शिरते, गार नळीवर तिचं पाणी होतं आणि आवरणाच्या आत नळी वर्षानुवर्षं ओल्या गोधडीत गुंडाळल्यासारखी राहते. बाहेरून सगळं ठीक दिसतं. आवरणावर तपकिरी डाग फुटला किंवा ते एका जागी फुगलं तर ते कापून बघा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, फुगण्याचं कारण तेच असतं.

अमोनियाचं आणखी सांगायला हवं, कारण बंदरातला सगळा धंदा बर्फाच्या लादीवर उभा आहे आणि वस्ती कारखान्याला लागून आहे. अमोनियाचा दाब त्याच्या तापमानावर ठरतो. ब्राइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, टाकीकडे उणे १५ अंशाला तो असतो सव्वा ते दीड किलो. पण कंडेन्सरकडे, ४० अंशाला, तोच अमोनिया साडेचौदा-पंधरा किलो दाखवतो. कंडेन्सरवर पाण्याचा क्षार चढला, पाणी कमी पडलं, पंखा बंद पडला, तापमान ४५ ला गेलं की दाब सतराच्या घरात. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी हेड प्रेशर, म्हणजे हा कंडेन्सरकडचा दाब, चढायला लागलं तर ते यंत्राचं 'उन्हाळ्याचं नाटक' नसतं. त्या दाबाला त्या बाजूचं सगळं सामान पुरेल ना, हा प्रश्न असतो. आणि 'सगळं सामान' म्हणजे रिसीव्हर, नळ्या, बेंड, व्हॉल्व्ह, ग्लास, गॅस्केट. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात दुबळ्या कडीएवढीच. वीस किलोच्या रिसीव्हरला कोणी दहा किलोचा व्हॉल्व्ह जोडला, तर ती संपूर्ण ओळ दहा किलोची झाली.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: द्रव अमोनिया भरलेल्या नळीचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकदम बंद करणं. गार द्रव आत कोंडला, उन्हाने तापला, फुगायला जागा नाही. तिथे दाब कुठपर्यंत जाईल त्याला हिशेब नाही. तिथे नळीच हार मानते. आणि अमोनियाच्या यंत्रणेत पितळेचा, तांब्याचा तुकडा बसवू नका, कितीही घाई असली तरी. अमोनिया तांब्याला खातो.

गरम झालं की दाब सोसायची ताकद कमी होते, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. पाइप जोडायचा १५० क्लासचा फ्लँज घ्या. नावात १५० असलं तरी साध्या तापमानाला तो १५० पाउंडांचा नसतो, साधा पोलादी असेल तर २८५ पाउंड, म्हणजे २० किलो पेलतो. तोच २०० अंशांच्या वाफेवर बसवला की १४ किलोवर येतो. फ्लँज तोच, बोल्ट तेच. पीव्हीसीचं तर विचारूच नका. बागेत पंपाला लावतो तो 'सहा केजीचा पाइप' २७ अंशांना सहा किलोचा असतो. माडाच्या सावलीतला पाइप वेगळा आणि चिऱ्याच्या गडग्यावरून उन्हात टाकलेला पाइप वेगळा. पाण्याच्या पाइपाचं तरी फार तर काय, फुटला तर भिजाल. पण पीव्हीसी पाइपातून कॉम्प्रेसरची हवा नेणारे महाभाग मी इथेच बघितले आहेत. तो फुटतो तेव्हा त्याच्या सुऱ्या होतात. हवेसाठी तो पाइप नाहीच. काढून टाका.

लोखंडी पाइप घेताना दुकानदाराला नुसतं 'दोन इंच' सांगू नका. ए, बी, सी असे तीन वर्ग असतात, पाइपावरच्या पट्ट्यांवरून ओळखतात: पिवळी म्हणजे हलका, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे भारी. दोन इंची मध्यम पाइपाची भिंत ३.६ मिलिमीटर, भारीची ४.५. वर आटे पाडले की दीड मिलिमीटर तिथेच संपतो. म्हणजे आट्याच्या मुळाशी मध्यम पाइप उरतो जेमतेम दोन मिलिमीटर, आणि गंज पहिल्यांदा नेमका तिथेच बसतो. वाफेला आणि अमोनियाला सी क्लासच्या खाली जाऊ नका, आणि जिथे जमेल तिथे आट्यांऐवजी वेल्डिंगचा जोड करा.

तारकर्लीला, जिथे एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथे किनाऱ्यावर आता नळकांडी लावलेल्या बोटी हा रोजचाच देखावा आहे. ते अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं साधारण ११ लिटरचं, आणि आत हवा २०० किलोच्या दाबाने. गॅरेजच्या टाकीच्या वीस पट. त्याच्या मानेवर दाब, चाचणीची तारीख, सगळं ठोकलेलं असतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब एक किलोने वाढतो. पर्यटक त्यालाच घाबरतो, पाठीवरच्या २०० ला नाही! भरलेलं नळकांडं वाळूत उन्हात पडून ६० अंशांपर्यंत तापलं तर २०० चे सव्वादोनशेच्या आसपास होतात. सावलीत ठेवा, एवढं साधं आहे. आणि नळकांडं पूर्ण रिकामं करून पाण्याखाली व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. दोन घोट खारं पाणी आत गेलं तर ते अंधारात बसून आतला पृष्ठभाग खात राहतं.

घरच्या गॅस सिलिंडरविषयी थोडक्यात. आपल्या हवेत त्यातला दाब पाच-सात किलोच्या आसपास असतो. रेग्युलेटर तो इतका खाली आणतो की शेगडीकडे जेमतेम वीतभर-दीड वीत पाण्याच्या उंचीएवढा दाब पोचतो. सिलिंडरची चाचणी २५ किलोला होते. वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. 'बी-२७' म्हणजे जून २०२७ पर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. ती तारीख उलटलेला सिलिंडर दारात आला तर परत पाठवा. डिलिव्हरीवाला कुरकुर करेल, करू दे. खानावळवाल्यांना एक वेगळं सांगतो: गॅस संपत आला की सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात उभा करायची पद्धत सोडा. आतला दाब किती चढतो ते तुम्हाला दिसत नाही, आणि तळाची कडी खाऱ्या पाण्याने कुजते ती वेगळीच.

आता काजू. या जिल्ह्यात काजू बी वाफेवर शिजवून फोडायचे छोटे कारखाने वाडीवाडीत उभे राहिले, बायकांच्या हाताला काम मिळालं, चांगलंच झालं. त्यांत 'बेबी बॉयलर' नावाचं प्रकरण असतं. कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. १८६३ मध्ये कलकत्त्यात एक मोठा बॉयलर फुटला आणि बंगालमध्ये पुढच्या वर्षी बॉयलर तपासणीचा पहिला कायदा झाला. मग १९२३ मध्ये साऱ्या देशाचा कायदा आला, तो शंभर वर्षं चालला, आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. त्यानुसार बॉयलरची नोंदणी, निरीक्षकाची तपासणी, दाखला, सगळं लागतं. पण २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारं भांडं, किंवा ज्याचा दाब एक किलोच्याही खाली आहे ते, बॉयलरच्या व्याख्येतून वगळलं आहे. त्यामुळे बाजारात त्या रेषेच्या बरोब्बर खाली बसवलेले बॉयलर मिळतात आणि विकणारा छाती ठोकून सांगतो, "दाखल्याची कटकट नाही!"

दाखल्याची कटकट नाही म्हणजे फुटण्याची भीती नाही, असं त्याने म्हटलेलं नाही. तुम्ही तसं ऐकलंत.

वाफेचं भांडं हवेच्या टाकीहून वेगळं असतं. सात किलोच्या दाबाला आतलं पाणी १७० अंशांचं असतं, पण दाबाखाली असल्याने उकळत नाही. भांडं फुटलं, दाब गेला, की त्यातला साधारण आठवा हिस्सा एका क्षणात वाफ होतो. शंभर लिटरच्या बॉयलरचा हिशेब केला तर बारा किलो पाण्याची वीस घनमीटर वाफ. म्हणजे एक अख्खी खोली भरेल एवढी, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पंचवीस लिटरच्या भांड्यातून त्याच्या पावपट. काजू फोडायला चार-पाच बायका त्याच शेडमध्ये बसलेल्या असतात, त्यांना पावपटही पुरेशी आहे. बॉयलर शेडच्या बाहेर, मध्ये चिऱ्याची भिंत घालून ठेवा. जागा नसेल तर आधी जागा करा, मग बॉयलर घ्या.

याहून वाईट म्हणजे तेलाचं २०० लिटरचं पिंप. खाली चूल, वर झाकण आवळलेलं, नळीने वाफ काढलेली. हे पिंप दाबासाठी बनवलेलंच नाही. त्याचं सपाट झाकण अडीच हजार चौरस सेंटिमीटरचं आहे. फक्त एक किलो दाब झाला तरी त्याच्यावर अडीच टन येतात. टाक्यांची टोकं घुमटासारखी का असतात, हा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तर हेच: सपाट पत्रा वाकतो, घुमट तोच जोर अंगभर वाटून घेतो. पिंपावरच काम करायचं असेल तर वाफेची वाट उघडी ठेवा, तिच्यावर व्हॉल्व्ह बसवू नका. पिंपाला व्हॉल्व्ह लावला की तो बॉम्ब होतो, आणि बनवणारा मेस्त्री त्या दिवशी तिथे नसतो.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल मी फार बोललो तर माझा आवाज चढतो, म्हणून स्वयंपाकघरातलं उदाहरण देतो. कुकरची शिटी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचाच भाऊ. भोक तीन मिलिमीटरचं धरलं तर एक किलो दाबाला शिटी सत्तर ग्रॅम वजनाने ते बंद ठेवते. दाब वाढला की ती उचलली जाते. सत्तर ग्रॅम! आता तिच्यावर कोणी बोट ठेवलं, किंवा बाजूला बटाटा अडकला, तर पुढे काय, ते प्रत्येक बाईला माहीत आहे. तिला कुणी सांगावं लागत नाही. मग तीच समज बॉयलरपाशी कुठे जाते? 'सेफ्टी सारखी उडते' म्हणून स्प्रिंग आवळणारे, तार बांधणारे, व्हॉल्व्हच्या खाली आणखी एक बंद करायचा व्हॉल्व्ह घालणारे मी पाहिले आहेत. सेफ्टी उडते ती तक्रार करते. तिचं तोंड बांधू नका. दाब का चढतो ते शोधा. तिची तरफ महिन्यातून एकदा उचलून बघा, आपल्या हवेत ती मिठाने चिकटून बसते. आणि काटा: यंत्र बंद करून दाब पूर्ण सोडल्यावरही तो शून्याला येत नसेल तर तो काटा फेकून द्या.

टाकी तपासायची कशी, याबद्दल एक गैरसमज कायमचा काढायचा आहे. वेल्डिंग करून आणलेली टाकी 'हवा मारून' बघतात, साबणाचं पाणी लावून. साबणाने गळती दिसते, ताकद दिसत नाही. ताकदीची चाचणी पाण्याने, आतली सगळी हवा काढून, पूर्ण पाणी भरून, ठरलेल्या दाबाच्या सव्वा ते दीड पटीने, हातपंपाने. का, ते ऐका. दोनशे लिटरच्या टाकीत १० किलोची हवा भरली तर त्यात एवढी ताकद साठते की एक टनाची गाडी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर उंच उचलली जाईल. नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर. त्याच टाकीत त्याच दाबाचं पाणी असेल तर पाण्यात साठलेली ताकद म्हणजे एक किलोचा नारळ साडेचार मीटरवरून पडला तेवढी. पाणी जवळजवळ दाबलं जातच नाही, म्हणून ताकद फारशी साठवूनही ठेवत नाही. टाकी फाटली तर चर्र आवाज होऊन पाय भिजतात. नारळ डोक्यात पडूनही माणूस मरतो, हे मान्य, पण तो गच्चीवरच्या गाडीच्या जवळपासही जात नाही.

मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यातला रिअ‍ॅक्टर फुटला. पहिल्या दिवशी सगळीकडे 'बॉयलर फुटला' अशीच बातमी होती. आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं तिकडे आहेत, त्या संध्याकाळी गावात फोनवर फोन चालू होते. नाव काहीही असो, भांडं, आत दाब, आणि त्याची सोसायची हद्द. हद्द ओलांडली. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३१ ने दाबाच्या यंत्रांची हद्द पाळायची जबाबदारी मालकावर टाकली होती. जबाबदारी कागदावर कितीही जुनी असली तरी पत्र्याची जाडी कुणीतरी जाऊन मोजावी लागते.

म्हणून आता माझं मागणं. मासेमारी बंदी १ जूनपासून लागते. बर्फ कारखाने त्या दिवसांत थंडावतात, बोटी वर ओढलेल्या असतात, पावसाने काजूचं कामही मंद होतं. हीच वेळ आहे. या दिवसांत प्रत्येक टाकीची पाटी थिनरने साफ करा आणि तिच्यावर पुन्हा रंग मारू नका. पाटीच नसेल तर ती टाकी दाबाची नाही असंच धरा. मग अधिकृत तपासनीसाला बोलावून जाडी मोजून घ्या: वर एक, बाजूला दोन, तळाला निदान चार ठिकाणी, आणि जिथे टाकी पायांवर टेकते तिथे हमखास. आकडे वहीत तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा. दोन वर्षांचे आकडे हातात असले की तुम्हालाच कळतं दर वर्षी किती जातं. पाच मिलिमीटरची टाकी दहा वर्षांत ३.६ वर आली असेल तर वर्षाला ०.१४ जातो, आणि पावणेतीनपर्यंत पोचायला सहा वर्षं उरली. हा हिशेब सातवीतल्या पोराला जमतो. टाकी बदलायची की नाही हे मात्र तपासनीस ठरवील, तुम्ही-आम्ही नाही.

तपासनीस कधी म्हणेल की ही टाकी आता १० ची नाही, ७ ची. लाजू नका. हे रीतसर करता येतं: त्याने लिहून द्यायचं, पाटीवर नवा आकडा ठोकायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह सातला बसवायचा, कॉम्प्रेसर त्याआधी बंद होईल असा लावायचा. ट्रकच्या टायरला कमी पडेल, पण स्कूटरला नाही. पातळ झालेल्या जागी ठिगळ मारून १० वर चालवणं मात्र नको. ठिगळाच्या कडेला जुना पत्रा आणखी पातळ असतो, आणि वेल्डिंगच्या तापाने तो चिरतो.

त्या गॅरेजवाल्याने मोजमापाचे आकडे बघितल्यावर पहिल्यांदा मला चहा पाजला. मग म्हणाला, "काका, सीझन संपू दे." मी म्हटलं, तोपर्यंत चारवर चालव, सेफ्टी मी बसवून देतो. त्याने ऐकलं. नारळी पौर्णिमेच्या आधी नवी टाकी आली, कुडाळवरून टेंपोत. जुनी त्याने गॅस कटरने मध्ये उभी चिरली. एक अर्धं भंगारात गेलं, दुसरं त्याच्या मागच्या पडवीत आहे, गुरांना पाणी पाजायला. कापलेल्या कडेवर पत्र्याची जाडी स्वच्छ दिसते. वरच्या बाजूला करंगळीच्या नखाच्या रुंदीची अर्धी, आणि खाली जाता जाता पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याएवढी. गावातल्या दोन काजूवाल्यांना मी तिथे नेऊन त्या कडेवरून बोट फिरवायला लावलं आहे. एकाने जाताना वाटेत गाडी थांबवून विचारलं, जाडी मोजायचं ते यंत्र केवढ्याला मिळतं?